खाडाखोड आणि पुसापुशी

जुनी फौजी रायफल घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ही ओरिजिनल आहे की रिफर्बिश केलेली? मला या प्रश्नाचा वैताग येतो. १९४३ साली बनलेली रायफल, एक महायुद्ध आणि त्यापुढे तीस-चाळीस वर्षं नोकरी करून बाहेर पडली, आणि तिने वर्कशॉपचं तोंड पाहिलेलं नाही, असं कसं होईल? नळी झिजते, लाकूड तडकतं, रंग उडतो, आणि आर्मरर, म्हणजे फौजेतला हत्यारं दुरुस्त करणारा, ते बदलतो. त्याचा पगारच त्यासाठी असतो. विचारायचं असेल तर हे विचारा, की डागडुजी केली कुणी? सरकारी कारखान्याने, की गेल्या महिन्यात कुणीतरी दुकानाच्या मागच्या खोलीत पॉलिशच्या चाकावर?

मी फौजेच्या ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो. आता देवळाली कॅम्पला, लाम रोडपासून आत गेलं की घर आहे. शेजारी निम्मे तोफखान्यातले रिटायर. त्यांच्या लेखी रायफल म्हणजे पोरांचं खेळणं, त्यामुळे या विषयावर गल्लीत कुणाशी बोलायची सोय नाही. बोलतो तो माझा भाचा. तो टेक्सासात असतो आणि तिकडे त्याला थ्री नॉट थ्रीचा नाद लागलाय. आपल्याकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर तुम्हाआम्हाला मिळायची नाही. तिकडे ती दुकानात भिंतीला टांगलेली असते आणि वर किंमतीची चिठ्ठी. त्यातही त्याला हवी ती बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. “मामा, तू ज्यांवर हात काळे केलेस त्यातली एखादी इकडे आली असेल ना?” असं म्हणतो. आली असेलही. भारतातून निघालेल्या पुष्कळ रायफली तिकडच्या बाजारात गेल्या.

मागच्या पावसाळ्यात त्याने दोन रायफलींचे फोटो पाठवले. दोन्ही नंबर वन मार्क थ्री स्टार, म्हणजे ली-एनफील्ड थ्री नॉट थ्रीचं जुनं मॉडेल, दोन्ही ईशापूर. एक नुसती झळकत होती: निळसर काळं लोखंड, लाकडावर चकाकी, दस्त्याचं पितळ देव्हाऱ्यातल्या समईसारखं घासलेलं. दुसरी काळ्या रंगात बरबटलेली, लाकडाला ठिगळ, बोल्टवरच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावरच्या) नंबरावर खाडाखोड. किंमत पहिलीची जास्त. भाच्याचा जीव अर्थातच पहिलीत अडकला होता. फोटो बघून मी म्हटलं, “अरे, दुसरीचे आणखी फोटो पाठव. पहिलीचे राहू दे.”

त्याला ते पटेना, म्हणून फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी अक्षरं बघायची. या रायफलीत बोल्टच्या मागे, जिथे दस्ता येऊन बसतो, त्या सॉकेटच्या उजव्या अंगाला सगळी जन्मपत्रिका ठोकलेली असते. वर मुकुट, खाली जी.आर.आय. म्हणजे बादशहा जॉर्जची अक्षरं, मग ईशापूर, साल आणि मॉडेल. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि आर.एफ.आय. आलं. ही अक्षरं पंचने ठोकलेली असतात, त्यामुळे त्यांच्या कडा नखाला लागतात. तिथे भिंग लावा. मी सराफ बाजारातून घेतलेलं सोनाराचं भिंग वापरतो, भाच्याकडे फोनचा कॅमेरा आहे, तोही चालतो. पॉलिशचं चाक फिरलं की पहिल्यांदा या कडा गोल होतात. अक्षराचा तळ खोल राहतो पण तोंड पसरट होतं, आणि मुकुटावरचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. झळकणाऱ्या रायफलीचा मुकुट असाच विरघळल्यासारखा झाला होता. साल १९४२ की १९४३ हे मला फोटो मोठा करूनही नीट लागेना.

चाकाची दुसरी खूण स्क्रूच्या भोकांशी. चाकाला कापडाची गादी असते, ती भोकावरून जाताना थोडी आत दबते आणि भोकाची कड बशीसारखी खोलगट करून जाते. स्क्रू बसवल्यावर त्याच्याभोवती एक उथळ खळगा दिसतो. सपाट भागावर उजेड तिरका पाडला तर लाटा दिसतात. कारखान्यातही घासतात, नाही असं नाही. पण तिथे सपाट भाग सपाट आणि कोपरा कोपरा ठेवून घासतात, आणि ब्रिटनमध्ये युद्धानंतर तर फॉस्फेट करून वर सनकोराईट नावाचा काळा रंग भट्टीत भाजून देत. तो दिसायला मुळीच सुंदर नसतो. रिफर्बिश केलेली फौजी रायफल सहसा कुरूपच असते, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

आता गंजाचे खड्डे. हे मला सगळ्यात आवडतं, कारण इथे खोटं बोलायला जागाच नाही. खड्ड्याच्या आत बघायचं. आत तपकिरी गंज आणि भोवती रंग शाबूत, तर रंग आधीचा आणि गंज नंतरचा. खड्ड्याच्या तळापर्यंत तोच काळा रंग एकसारखा उतरला असेल, तर गंज आधी आला आणि रंग मागून चढला. एवढं कळलं की रंग किती जुना ते शोधायचं. त्याला अमेरिकेचा कायदाच मदत करतो. तिकडे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर आयात झालेल्या हत्यारावर आयात करणाऱ्याचं नाव-गाव कोरावं लागतं. बहुतेक वेळा ते नळीवर, तोंडाजवळ, बारीक अक्षरांत असतं. त्या कोरलेल्या अक्षरांत डोकवायचं. आत उघडं पांढरं लोखंड दिसलं तर रंग आयातीच्या आधीचा, म्हणजे फौजेचा असायची शक्यता दांडगी. अक्षरांच्या आतही तीच निळाई दिसली तर रायफल अमेरिकेत उतरल्यावर कुणीतरी रंगवलेली आहे, मग दुकानदार काहीही सांगो. झळकणारीच्या आयात-खुणेत निळाई होती. आणि “आर्सेनल रिफर्ब”, म्हणजे सरकारी शस्त्रागारात डागडुजी झालेली, अशी चिठ्ठी लावून ती विकायला ठेवलेली!

भाचा म्हणाला, “मामा, निळी तर निळी, दिसते छान ना?” दिसते. पण पैसे तो आर्सेनलच्या कामाचे देणार होता.

लाकडाचंही तसंच. सरकारी लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं, विशेषतः दस्त्याच्या मागच्या पट्टीपाशी. तिथे बोट फिरवा. लाकडाकडून पट्टीकडे बोट जाताना लोखंडाची किंवा पितळेची कड टोचली, तर लाकूड घासून खाली गेलंय. घासलं की तपासणीचे शिक्के जातात, पलटणीचे आकडे जातात, आणि वर व्हार्निश बसतं. फौज व्हार्निश लावत नाही. आम्ही जवसाचं तेल चोळायचो, पिढ्यान् पिढ्या तेच, आणि त्याने लाकूड काळपट, हाताला किंचित चिकट, कोमट वाटणारं होतं. रायफल पाडली, ठिगळ बसवलं: तुटका भाग चौकोनी कापून त्या मापाचा तुकडा सरस लावून बसवायचा, कधी पितळेची पिन घालायची. चांगल्या सुताराचं ठिगळ असलं की मला बघत बसावंसं वाटतं. भाच्याने पाठवलेल्या काळ्या रायफलीवरचं ठिगळ पुढच्या लाकडाला, वरच्या कडेपाशी होतं, आणि रेषा रेषेला लावून बसवलेली. ज्याने केलं त्याला घाई नव्हती.

त्याच रायफलीत मॅगझिनच्या पुढे, लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू होता. तिकडचे लोक त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. पुढचं लाकूड धक्क्याने चिरत जातं, ते आवळून धरायला तो घालत. जुन्या रायफली दुरुस्तीला आल्या की त्यांनाही घातला जायचा, त्यामुळे युद्धकाळातल्या रायफलीला हा स्क्रू दिसला तर ती नंतर हिंदुस्थानी दुरुस्तीतून गेली आहे असं धरून चालायला हरकत नाही. ब्रिटिश नंबर फोर या एनफील्डच्या पुढच्या मॉडेलवर तर डागडुजी कुणी केली याचं उत्तर लिहूनच ठेवलेलं असतं: लोखंडावरच एफ.टी.आर., म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर, आणि साल. फाझाकर्लीच्या कारखान्यातून निघाली असेल तर कंसात एफ. इतकं सरळ. कारखान्याला लपवायचं काही नसतं.

नंबरांकडे येऊ. बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग), बोल्टच्या दांड्याचा मागचा भाग, पुढची टोपी, मागच्या साईटच्या पट्टीची खालची बाजू, पुढच्या लाकडाचं पोट, एवढ्या ठिकाणी एकच नंबर असायचा. लोक तो जुळला की खूश आणि नाही जुळला की नाराज. पण जुळलेला नंबर कसा जुळला ते बघा. बोल्ट बदलायची वेळ आली की आर्मरर जुन्या नंबरावर एक आडवी रेघ मारतो आणि शेजारी नवा ठोकतो. जुना वाचता येतो, यायलाच हवा. दुकानात मात्र जुना नंबर ग्राइंडरने उडवतात आणि त्या खळग्यात नवा ठोकतात, नाहीतर इलेक्ट्रिक पेनने लिहितात. दांड्याच्या मागचा तो छोटा सपाट भाग बाजूने उजेडात धरला, की तिथलं लोखंड खाली गेलेलं कळतं. झळकणारीचे सगळे नंबर जुळत होते, आणि बोल्टवरचे सात आणि बॉडीवरचे सात वेगवेगळ्या पंचांचे होते. एकाला वर टोक, दुसऱ्याला नाही. काळीच्या बोल्टवर रेघ मारलेला जुना नंबर होता, खाली नवा, आणि नवा बॉडीशी जुळत होता.

कारखाना खाडाखोड करतो, दुकान पुसापुशी करतं. मला एवढाच फरक महत्त्वाचा वाटतो.

काळीच्या नळीवरचं सालही सॉकेटच्या सालापेक्षा पुढचं निघालं. वरचं लाकडी झाकण काढायला लावलं तेव्हा नळीच्या बुडाशी ते दिसलं. भाच्याला वाटलं, झालं, ही तर मिसमॅच. उलट, मला त्यात आनंद झाला. नळी बदलली म्हणजे कुणीतरी जुनी नळी मोजून नापास केली आणि नवी चढवली. थ्री नॉट थ्रीची नळी दोन बाजूंनी मरते. आतून कॉर्डाइट दारूची आग सुरुवातीचा भाग खाते, आणि बाहेरून फुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी खाते. रोज सकाळी जवान चिंधी लावून दोरी ओढतो, आणि ओढतो ती तिरकी. वर्षानुवर्षं ती दोरी नळीच्या तोंडाला एका बाजूने चर पाडते. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारखोलीत, मी अशा नळ्या पाहिल्यात की आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खोबणी) आरशासारखे आणि तोंड अंडाकृती. म्हणून बोल्ट काढून, खिडकीकडे धरून, तोंडाकडूनही बघायचं आणि मागूनही. एनफील्डचे पाच आटे, डाव्या अंगाला वळणारे. काही युद्धकाळातल्या नंबर फोरला दोनच. दोन दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि गेज, म्हणजे अंतर तपासायचा मापाचा तुकडा. याबाबतीत मी भाच्याशी जरा चढ्या आवाजात बोललो. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांत किती अंतर आहे, त्याला हेडस्पेस म्हणतात. थ्री नॉट थ्रीला ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणून नंबर जुळवलेल्या रायफलीत हे कुणी मोजलंय याची खात्री नसते. नंबर फोरमध्ये बोल्टहेड ०, १, २, ३ अशा मापांत येतात, बदलून सोय होते. नंबर वनमध्ये ती चैन नाही, आर्मररला बोल्टहेडं लावून बघत बसावं लागतं. रायफल दिसायला कशीही असो, गेज लावल्याशिवाय तिच्यात जिवंत काडतूस घालायचं नाही.

यातल्याच काही रायफली कधीच झाडायच्या नसतात. डी.पी. ठोकलेली म्हणजे ड्रिल पर्पज. कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी परेडला खांद्यावर घेतली असेल. तिचा एखादा भाग मुद्दाम निकामी केलेला असतो किंवा ती मुळातच झाडण्यालायक उरलेली नसते. ती अक्षरं भरून, घासून, रंगवून कुणी विकली तर तो थेट जिवाशी खेळ. म्हणून सॉकेटवर आणि काडतूस बसतं त्या चेंबरजवळ खळगा किंवा भरलेली जागा दिसली की रायफल खाली ठेवायची. पोलिसांसाठी ईशापूरने .४१० च्या एकनळी मस्केटीही याच रायफलींतून केल्या होत्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. दिसायला हुबेहूब, आत भलतंच.

एक गैरसमज इथेच मोडतो. ईशापूरची टू-ए आणि टू-ए-वन ही ७.६२ ची रायफल म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीचं रूपांतर, असं तिकडे पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर ती नव्याने बनवली, जास्त दाब सोसणाऱ्या पोलादाची. तिच्यावर साल साठच्या किंवा सत्तरच्या दशकातलं असतं आणि मॅगझिन चौकोनी. ती जुनी रिफर्बिश नव्हे. पण युद्धकाळातल्या .३०३ च्या बॉडीत कुणी ७.६२ ची नळी घालून दाखवली, तर हात जोडून निघून यावं.

भाच्याने मध्येच एका ‘जंगल कार्बाइन’चा फोटोही टाकला होता. नंबर फाइव्ह, १९४४ ते १९४७ एवढीच बनली, त्यामुळे मागणी फार आणि नंबर फोर कापून केलेल्या नकली त्याहून फार. यात मी वेळ घालवला नाही. लाकूड उतरव आणि नळीच्या जाड बुडाला वजन कमी करायला पाडलेले खाचे आहेत का बघ, म्हटलं. नव्हते.

रशियन मोसिनबद्दलही तो विचारतो, पण त्या मी हाताळलेल्या नाहीत, वाचून माहीत आहे तेवढं सांगतो. सोव्हिएत कारखान्यांनी युद्धानंतर त्या घाऊक दुरुस्त केल्या: लाकडावर लालसर लाखेचा चकाकता थर, बोल्टला नवे नंबर, आणि चौकोनात तिरकी रेघ असा दुरुस्तीचा शिक्का. तोंड झिजलेल्या नळ्यांना आतून थोडं खोलवर ड्रिल मारून आटे मागून सुरू केले, की नेम पुन्हा लागतो. जर्मन माउझरही त्यांनी पकडून तशाच रंगवल्या आणि बॉडीवर एक्स ठोकला. म्हणजे तिथे चकाकी हीच कारखान्याची खूण. एनफील्डचा नियम मोसिनला लावू नकोस, एवढं त्याला बजावलंय.

भाच्याने शेवटी काळी घेतली. गेज पास झाली. ब्रश मारल्यावर दस्त्यावर दोन शिक्के उमटले, ते कसले यावरून आमचा अजून वाद चालू आहे.

हे सगळं नाशकात कुणाच्या उपयोगाचं, असं कुणी विचारेल. आहे उपयोग. आपल्याकडे लायसन्सवर .३१५ मिळते, तीही ईशापूरचीच आणि बांधणी त्याच एनफील्डची. फौजेतून उतरलेले पुष्कळजण बँकेत नाहीतर कारखान्यात गार्ड म्हणून लागतात आणि स्वतःची बंदूक असली की नोकरी लवकर मिळते, म्हणून सेकंडहँड .३१५ शोधतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा काही घरांतली तिसरी विकायला निघाली. सिन्नरकडचा एक माजी नाईक अशीच एक बघायला मला घेऊन गेला. तिथे जुन्या-नव्याचा किंवा दिसण्याचा प्रश्नच नाही. आर्म्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरची ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि तसं हत्यार जवळ असलं तरी जाब तुम्हालाच विचारतात. त्यामुळे मी त्याला आधी विकणाऱ्याचं लायसन्स मागायला लावलं, मग त्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघितला, मग भिंग लावून आकड्यांच्या कडा. ठीक होत्या. नळी साफ, बोल्ट घट्ट. दस्त्याला मात्र सॉकेटपाशी चीर होती आणि वरून ताजं व्हार्निश मारलेलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, लाकडाची रेषा आहे ती. मी त्यात अंगठ्याचं नख घालून दाखवलं. मग दस्त्याच्या दुरुस्तीपुरते पैसे त्याने मुकाट्याने कमी केले, आणि पुढचे कागद नाईकाने लायसन्सवाल्या दुकानामार्फत रीतसर करून घेतले.